नवरा न्यू यॉर्कला, बायको न्यू जर्सीत: डब्ल्यू-४ वर नक्की काय भरायचं?

पाऊसवेडी | ४ मे २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. अमेरिकेत नवरा-बायको दोघं नोकरी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न आहे, त्यातही दोघांची ऑफिसं वेगवेगळ्या राज्यांत असतील त्यांच्यासाठी.

आमचं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकला झालं. राहतो न्यू जर्सीतल्या एडिसनला. मी प्रिन्स्टनजवळ नोकरी करते, नवरा ट्रेनने मॅनहॅटनला जातो. ४०१के (निवृत्तीची बचत) आणि विमा वजा जाऊन दोघांचाही करपात्र पगार १ लाख १० हजार डॉलरच्या आसपास. लग्नाहून परत आल्यावर जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी आपापल्या कंपनीत डब्ल्यू-४ (पगारातून फेडरल टॅक्स किती कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदलून दिला. 'मॅरीड फायलिंग जॉइंटली'वर (लग्न झालेले, एकत्र रिटर्न भरणारे) खूण केली, खाली सही केली, मधलं सगळं कोरं. हातात येणारा पगार वाढला. लग्न झालं की टॅक्स कमी होतो असं सगळेच सांगत होते, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या एप्रिलमध्ये आमचं रिटर्न भरणाऱ्या सीपीएने आकडा सांगितला. फेडरलचे १३,६०० भरा, वर पाचशेच्या पुढे दंड, आणि न्यू जर्सीचे दीड हजार वेगळे. आई-बाबांना सप्टेंबरमध्ये इकडे आणायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. बाबांना फोनवर 'दिवाळीनंतर बघू' म्हणताना मला फार वाईट वाटलं.

आम्ही काहीच लपवलं नव्हतं. दर पगारातून टॅक्स कापला जात होता. मग एवढी तूट आली कुठून? आणि आता फॉर्मवर काय भरायचं, फेडरलच्या आणि दोन्ही राज्यांच्या?

भाकरतुकडा | ४ मे, रात्री ९:३२

सेम टू सेम. आम्ही २०२१ मध्ये भरले होते, ९ हजार. वाचतोय.

सोनटक्का | ४ मे, रात्री ९:४०

अगं, लग्नाचा आहेर आयआरएसलाच (फेडरल टॅक्स खात्याला) गेला की तुमचा! पण खरंच, आई-बाबांचं वाचून पोटात तुटलं. तिकिटं पुढच्या वर्षी नक्की काढ.

गोदाकाठ | ४ मे, रात्री ११:०५

पाऊसवेडी, मीही मूळचा नाशिकचाच, इथे येऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या हातून काही भलतंसलतं झालेलं नाही. फॉर्मवरची एक ओळ राहिली, बाकी सगळा तिचाच परिणाम. आकडे मांडून दाखवतो म्हणजे मनातून निघून जाईल.

२०२४ साली जोडप्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) होतं २९,२०० डॉलर. तुमच्या कंपनीच्या पेरोलला (पगार काढणाऱ्या विभागाला) फक्त तुम्ही दिसता. फॉर्मवर 'मॅरीड' आहे आणि दुसऱ्या नोकरीचा उल्लेख नाही, तेव्हा ते धरून चालतात की घरात हा एकच पगार येतो. म्हणून १,१०,००० मधून पूर्ण २९,२०० वजा केले, उरलेल्या ८०,८०० वर जोडप्याचे रुंद स्लॅब लावले: पहिल्या २३,२०० वर १० टक्के, पुढच्या ५७,६०० वर १२ टक्के. झाले ९,२३२. मॅनहॅटनमधल्या पेरोलनेही नेमकं हेच केलं, आणखी ९,२३२. दोघांचे मिळून कापले गेले १८,४६४.

रिटर्न मात्र एकच. तिथे २,२०,००० मधून २९,२०० एकदाच वजा होतात. उरतात १,९०,८००. त्यातले ९४,३०० पर्यंतच १० आणि १२ टक्क्यांत बसतात, वरच्या ९६,५०० ला २२ टक्के. एकूण टॅक्स ३२,०८२. वजा १८,४६४. तूट १३,६१८. तुमच्या सीपीएचा आकडा हाच ना?

म्हणजे दोन पेरोलनी एकच सवलत दोनदा दिली, आणि २२ टक्क्यांच्या स्लॅबला दोघांपैकी कोणीही शिवलं नाही. दोन्ही पेरोलची चूक नाही. त्यांना घराचा अर्धाच भाग दिसतो, उरलेला अर्धा आपण फॉर्मवर सांगायचा असतो.

तो सांगायची जागा म्हणजे स्टेप २. तिथे (सी) म्हणून एक छोटा चौकोन आहे, घरात दोनच नोकऱ्या असतील तर खूण करायचा. दोघांनीही करायची. मग प्रत्येक पेरोल निम्मं डिडक्शन आणि निम्मे स्लॅब धरतं. २०२४ मध्ये ही खूण असती तर प्रत्येकी १६,०४१ कापले गेले असते. दुप्पट करा: ३२,०८२. एका डॉलरचाही फरक नाही.

पाऊसवेडी | ४ मे, रात्री ११:२८

गोदाकाठकाका, सीपीएचा आकडा १३,६१८ च होता! महिनाभर डोक्यात घोळणारी गोष्ट तुमच्या चार ओळींत कळली. नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं.

रहाटगाडगं | ५ मे, सकाळी ७:१५

एवढी भानगड कशाला? दोघांनी डब्ल्यू-४ वर 'सिंगल' लिहा आणि विसरून जा. मी आणि बायको दहा वर्षं तेच करतोय, कधी पैसे भरावे लागले नाहीत.

गोदाकाठ | ५ मे, सकाळी ८:०२

रहाटगाडगं, कपात जवळपास तेवढीच होते, कारण (सी) ची खूण केल्यावर लागणारे स्लॅब सिंगलसारखेच असतात, अगदी वरचे पगार सोडले तर. २०२० च्या आधीच्या फॉर्मवर 'मॅरीड, पण सिंगलच्या जास्त दराने कापा' असा वेगळा चौकोनच होता. नव्या फॉर्ममध्ये त्याची जागा या खुणेने घेतली. फॉर्मवर आपण सही करतो, तेव्हा जे खरं आहे तेच लिहून तोच परिणाम मिळत असेल तर मी खरं लिहीन.

मधली_आळी | ५ मे, सकाळी ९:४४

पण पगारात मोठी तफावत असेल तर (सी) ने उलटा त्रास होतो, हे लिहायला हवं. माझा पगार १ लाख ८०, बायको शाळेत अर्धवेळ, तिचा ४० हजार. बेरीज तीच २,२०,०००. दोघांनी खूण केली तर २०२४ च्या दरांनी माझे ३२,७३८ आणि तिचे २,८१६ कापले जातात, म्हणजे ३५,५५४. टॅक्स ३२,०८२ च. साडेतीन हजार डॉलर वर्षभर सरकारकडे पडून राहतात. आमच्याकडे डेकेअरचा खर्च आहे, दर महिन्याला ते तीनशे डॉलर लागतात.

फॉर्मच्या सूचनांतच आहे: कमी पगार हा जास्त पगाराच्या निम्म्याहून अधिक असेल तर (सी) बरा, नाहीतर स्टेप २ (बी) चं वर्कशीट. वर्कशीट आणि तक्ता फॉर्मसोबतच असतात. डावीकडे जास्त पगार, वर कमी पगार, जिथे रेघा मिळतात तो आकडा भागिले वर्षातले पगार. येईल ती रक्कम फक्त जास्त पगारवाल्याच्या फॉर्मवर ४ (सी) मध्ये, म्हणजे दर पगारातून जादा कापायच्या रकमेच्या ओळीत, लिहायची.

आणखी एक. नवरा किंवा बायको नोकरी करते हे आपल्या एचआरला कळू द्यायचं नसेल तर ४ (सी) मध्ये नुसती रक्कम लिहिता येते. तिथे कोणी कारण विचारत नाही.

दवबिंदू | ५ मे, सकाळी १०:३०

आमची कथा एच-४ वाली (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). मी अनेक वर्षं घरी होते. मे २०१५ मध्ये एच-४ ला काम करायची परवानगी मिळायला लागली, मला माझं कार्ड २०१६ मध्ये मिळालं. नोकरी लागल्याच्या आनंदात मी माझा डब्ल्यू-४ नीट वाचून भरला. पण नवऱ्याचा? तो २०१२ मध्ये भरलेला, 'मॅरीड' आणि चार अलाउन्सेस (जुन्या फॉर्मवरचा आकडा, जितका जास्त तितकी कपात कमी). तेव्हा घरात एकच पगार होता, तेव्हा तो बरोबरच होता. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी तो चुकीचा ठरला आणि आम्हा दोघांना पत्ताही नव्हता.

नवा फॉर्म २०२० मध्ये आला तरी जुने फॉर्म रद्द झाले नाहीत, पेरोल त्यांच्यावरच चालू राहतं. माझ्या ओळखीत निदान तिघी अशा आहेत ज्यांच्या नवऱ्यांचे जुने फॉर्म अजून चालू होते. बायांनो, नोकरी लागली की नवऱ्याचा फॉर्म आधी काढून बघा.

कृष्णाकाठची_लेक | ५ मे, सकाळी ११:०८

+१ दवबिंदू. आपल्याकडून इकडे येणाऱ्यांना हे सुचतच नाही, कारण भारतात प्रत्येकाचा टॅक्स वेगळा. पुण्यात मला माझा फॉर्म १६ मिळायचा, नवऱ्याला त्याचा. माझ्या पगाराचा त्याच्या टीडीएसशी काही संबंध नाही. राज्याचं म्हणून पगारातून काय जायचं, तर प्रोफेशनल टॅक्स: दर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. कोण बघत बसतंय! तीच सवय घेऊन आपण इथे येतो.

पाऊसवेडी | ५ मे, दुपारी १:१५

अगदी हेच झालं. मी माझं बघत होते, तो त्याचं.

फेडरल समजलं. आता राज्यांचं सांगा ना. नवऱ्याच्या पगारातून न्यू यॉर्क कापतं, माझ्यातून न्यू जर्सी. तरी न्यू जर्सीला वेगळे दीड हजार कसे निघाले?

सोनटक्का | ५ मे, दुपारी ३:५०

याचं उत्तर मी देते, पंधरा वर्षं याच गाडीतून प्रवास करतेय. माझं ऑफिस न्यू यॉर्कला, नवरा एडिसनमध्येच.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यात पगाराच्या टॅक्सचा आपसांतला करार नाही. म्हणून न्यू यॉर्कमध्ये कमावलेल्यावर आधी न्यू यॉर्कचा टॅक्स, त्यासाठी अनिवासींचं आयटी-२०३ रिटर्न. मग न्यू जर्सी रहिवासी म्हणून तुमच्या सगळ्या उत्पन्नावर टॅक्स काढते आणि न्यू यॉर्कला भरलेल्याची क्रेडिट देते, म्हणजे तेवढा टॅक्स कमी करते. पण न्यू जर्सीच्या हिशोबात त्या पगारावर जेवढा टॅक्स येतो तेवढीच, त्याहून जास्त नाही. न्यू यॉर्कचा टॅक्स बहुतेक वेळा जास्त असतो, तो वरचा भाग गेला तो गेला.

आता तुझे दीड हजार. न्यू जर्सीचे स्लॅब उत्पन्नाबरोबर चढतात. दोघांची बेरीज केली की तुझाही पगार वरच्या दरात जातो. पण तुझ्या पेरोलने तुला एकटीच्या १ लाख १० वर, 'मॅरीड'च्या खालच्या दराने कापलं. एनजे-डब्ल्यू४ फॉर्मवर एक तक्ता आहे: डावीकडे आपला पगार, वर जोडीदाराचा, आणि मधे ए ते ई यातलं एक अक्षर. ते अक्षर तिसऱ्या ओळीत लिहायचं असतं. तू ती ओळ कोरी ठेवलीस, बरोबर?

पाऊसवेडी | ५ मे, दुपारी ४:०२

कोरी. मला तर न्यू जर्सीचा वेगळा फॉर्म भरल्याचंही आठवत नाही.

सोनटक्का | ५ मे, दुपारी ४:२०

तेच. राज्याचा फॉर्म मागून घ्यावा लागतो.

नवऱ्यासाठी न्यू यॉर्कचा फॉर्म आयटी-२१०४. तिथे अजूनही 'मॅरीड, बट विदहोल्ड ॲट हायर सिंगल रेट' असा चौकोन आहे, त्याने तो निवडावा. कारण असं की फेडरल रिटर्न एकत्र असेल आणि दोघंही न्यू जर्सीचे रहिवासी असाल तर न्यू यॉर्कचं रिटर्नही एकत्रच. न्यू यॉर्क आधी दोघांच्या एकूण उत्पन्नावर टॅक्स काढतं आणि मग त्यातला न्यू यॉर्कमध्ये कमावलेला हिस्सा घेतं. तू न्यू यॉर्कमध्ये एक दिवसही पाऊल टाकलं नाहीस तरी तुझ्या पगारामुळे त्याचा दर वर जातो. माझा नवरा याच्यावर पहिल्या वर्षी इतका चिडला होता की त्याने अख्खं रिटर्न हाताने पुन्हा मांडलं. आकडा तोच आला.

टपरीवरचा_चहा | ५ मे, सायंकाळी ६:३५

आणि नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करत असेल तर ते दिवस न्यू जर्सीचे होतील असं धरू नका. कंपनीची गरज म्हणून नाही तर आपल्या सोयीसाठी घरून काम केलं तर न्यू यॉर्क तो दिवस आपल्याच खात्यात धरतं. आमच्या घराच्या तळघरातल्या टेबलावर बसून मी वर्षातले शंभर दिवस न्यू यॉर्कचा टॅक्स भरतो.

रानजाई | ५ मे, रात्री ८:१२

आम्ही चेरी हिलला. मी न्यू जर्सीत, नवरा नदीपलीकडे फिलाडेल्फियाला. आमचं चित्र सोनटक्काच्या अगदी उलट, म्हणून लिहिते.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ पासून करार आहे: पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स. २०१६ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी तो मोडायचं जाहीर केलं होतं, आमच्या भागातल्या सगळ्यांचे धाबे दणाणले होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी निर्णय मागे घेतला. पण करार आपोआप लागू होत नाही. नवऱ्याने आरईव्ही-४१९ फॉर्म दिला तरच त्याचं पेरोल पेनसिल्व्हेनियाचं थांबवून न्यू जर्सीचं कापतं. (पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत काम करणाऱ्यांनी एनजे-१६५ द्यायचा.)

नवऱ्याने नोकरी बदलली तेव्हा नव्या कंपनीत हा फॉर्म कोणी दिलाच नाही. सात महिने पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स गेला. एका रविवारी ओट्यावर दोघांचे पे-स्टब शेजारी ठेवून मी भाजी निवडत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या कागदावर 'एनजे' लिहिलंय आणि त्याच्या कागदावर 'पीए'. मेथीची जुडी तशीच ठेवून लॅपटॉप उघडला. पेनसिल्व्हेनियाचे पैसे रिटर्न भरून परत मागता आले, पण त्याच वेळी न्यू जर्सीला ते सात महिने एकदम भरावे लागले. परत येणारे पैसे उन्हाळ्यात आले, भरायचे एप्रिलमध्ये भरले.

शिवाय फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स वेगळा. बाहेरून कामाला येणाऱ्यांना साडेतीन टक्क्यांच्या जरा खाली. तो या करारात येत नाही, कापला जाणारच. पण न्यू जर्सी त्याची क्रेडिट देते, ती मागायला विसरू नका. आणि ती मिळणार हे धरून नवऱ्याची न्यू जर्सीची कपात किती हवी ते ठरवा, नाहीतर एकाच पगारातून दोन्ही पूर्ण जात राहतात.

भाकरतुकडा | ५ मे, रात्री ८:३०

रानजाई, मेथीचं काय झालं शेवटी?

रानजाई | ५ मे, रात्री ८:३४

रात्री दहाला थेपले केले. :)

पोटोमॅककाठी | ६ मे, सकाळी ८:५०

इकडे मेरीलँडमध्ये रॉकव्हिलला करार असूनही घोळ झाला. नवऱ्याची नोकरी व्हर्जिनियात, माझी वॉशिंग्टन डीसीत. व्हर्जिनिया-मेरीलँडचा करार आहे आणि डीसी बाहेरच्यांवर टॅक्स लावतच नाही, म्हणून दोघांचाही टॅक्स मेरीलँडलाच. मी डी-४ए दिला, त्याने व्हीए-४ वर सूट मागितली. दोन्ही पेरोलनी आपापल्या राज्याची कपात बंद केली. पण त्याच्या पेरोलने मेरीलँडची सुरूच केली नाही! त्यासाठी एमडब्ल्यू५०७ वेगळा द्यायचा असतो. वर्षभर त्याचा राज्याचा टॅक्स शून्य, आणि मेरीलँडमध्ये काउंटीचाही टॅक्स असतो, आमच्या माँटगमेरीत ३.२ टक्के. फॉर्म जोडीने द्यायचे: एक थांबवणारा, एक सुरू करणारा.

शिशिरसांज | ६ मे, सकाळी ११:२०

तुम्ही सगळे एका घरात राहून दोन राज्यांत काम करता. आम्ही दोन घरांत राहतो. बायको कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला. तीन वर्षं झाली. मी इथे टेक्सासचाच: लायसन्स, मतदान, डॉक्टर, सगळं इथे. महिन्यातून एकदा कोणीतरी विमानात बसतं. ती येते तेव्हा पिशवीतून लसणीची चटणी आणते, मी जातो तेव्हा भाकरीचं पीठ नेतो, कारण ज्वारीचं चांगलं पीठ ऑस्टिनच्याच एका दुकानात मिळतं.

टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा टॅक्स नाही. त्यामुळे माझ्या पगाराशी कॅलिफोर्नियाचा काय संबंध, असं मी पहिली दोन वर्षं धरून चाललो. संबंध आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन्ही कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यं आहेत. लग्न टिकून असताना जो जे कमावतो त्यातलं अर्धं जोडीदाराचं. माझा अर्धा पगार कायद्याने बायकोचा, आणि बायको कॅलिफोर्नियाची रहिवासी. म्हणून माझ्या अर्ध्या पगारावर कॅलिफोर्नियाचा टॅक्स. तिचा अर्धा पगार माझा, पण तो कॅलिफोर्नियात कमावलेला, म्हणून त्यावरही कॅलिफोर्नियाचाच. जोडीदार वर्षभर बाहेरच्या राज्यात असेल आणि त्याचं कॅलिफोर्नियात काहीच उत्पन्न नसेल तर राज्याचं रिटर्न वेगळं भरायची मुभा आहे, पण या वाटणीमुळेच ती आम्हाला लागू होत नाही.

माझ्या टेक्सासच्या पेरोलला यातलं काही माहीत नाही, आणि ते कॅलिफोर्नियाचं कापणारही नाही. मग बायकोच्या डीई-४ फॉर्मवर 'सिंगल ऑर मॅरीड विथ टू ऑर मोर इन्कम्स' निवडलं, वर जादा कपात लिहिली. उरलेलं ५४०-ईएसने (कॅलिफोर्नियाचा आगाऊ टॅक्स भरायचा फॉर्म) हप्त्यांनी भरतो. तिथेही लक्ष ठेवा, फेडरलचे चार हप्ते सारखे असतात, कॅलिफोर्नियाचे ३० टक्के, ४० टक्के, तिसरा शून्य आणि चौथा ३० टक्के.

माझा मित्र शिकागोत आणि त्याची बायको बे एरियात, त्यांचं गणित वेगळं आहे. इलिनॉय कम्युनिटी प्रॉपर्टी राज्य नाही, आणि कमावणाऱ्याचं कायमचं घर ज्या राज्यात त्या राज्याचा नियम त्याच्या पगाराला लागतो. त्याचा पगार त्याचाच. म्हणून दुसऱ्या जोडप्याचं बघून आपलं ठरवू नका, कृपा करून. मी ते करून बसलोय आणि दोन वर्षांची दुरुस्ती भरलीय.

कृष्णाकाठची_लेक | ६ मे, दुपारी १२:०५

शिशिरसांज, तीन वर्षं! दोघं लवकर एका गावात या, एवढीच इच्छा.

रहाटगाडगं | ६ मे, दुपारी २:४०

मला एक कळत नाही. एप्रिलमध्ये भरावे लागले तर काय बिघडलं? वर्षभर पैसा आपल्या खात्यात राहिला, काही बचत खात्यांवर ४ टक्केही व्याज मिळतं. रिफंड घेणं म्हणजे सरकारला बिनव्याजी कर्ज. कमी कापून घेणंच शहाणपणाचं.

मधली_आळी | ६ मे, दुपारी ३:१०

दंड लागत नाही तोवर ठीक. कमी भरल्याचा दंड व्याजासारखा मोजतात. त्याचा दर २०२४ भर ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७. बँकेच्या ४ टक्क्यांवर वर टॅक्सही. आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

दंड टाळायच्या रेषा ठरलेल्या आहेत: या वर्षीच्या टॅक्सच्या ९० टक्के, किंवा गेल्या वर्षीच्या टॅक्सच्या १०० टक्के भरलेले हवेत. गेल्या वर्षीचं एजीआय (काही वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) दीड लाखाच्या वर असेल तर ११० टक्के. दोन पगारांच्या घरांत बहुतेकांना ११० लागतात. हजार डॉलरच्या आतली तूट असेल तर दंड नाही.

गोदाकाठ | ६ मे, सायंकाळी ५:२५

यात एक फार कामाची गोष्ट जोडतो. पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असं धरलं जातं, कापला कधीही असो. आपण स्वतः भरलेल्या हप्त्यांना ही सवलत नाही, ते भरल्या तारखेला मोजतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तूट लक्षात आली तर चेक पाठवण्यापेक्षा ४ (सी) मध्ये मोठी रक्कम लिहून उरलेल्या पगारांतून कापून घ्या. दंड वाचतो. मी एका भाच्याचा असाच वाचवला.

दुसरं, दोघांचे पगार जास्त असतील तर जादा मेडिकेअर (सरकारी आरोग्य विम्यासाठीचा टॅक्स) ०.९ टक्के. जोडप्याला २,५०,००० च्या वर लागतो, पण पेरोल कापतं ते एकाच माणसाचा पगार २,००,००० च्या वर गेला तरच. दोघं १ लाख ८० वाले असाल तर कोणाचंच कापत नाहीत आणि १,१०,००० वर ९९० डॉलर रिटर्नमध्ये निघतात. स्टेप २ ची खूण करूनही हे सुटतं, तेवढं ४ (सी) मध्ये घाला.

दवबिंदू | ६ मे, सायंकाळी ६:४०

आणि मुलांची स्टेप ३! २०२४ मध्ये प्रत्येक मुलामागे दोन हजार होते. ती एकाच्याच फॉर्मवर, जास्त पगारवाल्याच्या. दोघांनी लिहिलं तर पुन्हा तेच, एक सवलत दोनदा.

पाऊसवेडी | १७ मे २०२५, सकाळी १०:३०

मंडळी, परत आले. आधी सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या शनिवारी आम्ही दोघं सकाळी चहा घेऊन बसलो ते जेवायच्या वेळेलाच उठलो. आयआरएसच्या साइटवरच्या एस्टिमेटरमध्येही दोघांचे पे-स्टब घालून पाहिलं. नाव, सोशल सिक्युरिटी नंबर काही मागत नाही, त्यामुळे निर्धास्त भरता आलं.

काय केलं ते लिहिते, आमच्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

आमचा पगार दर दोन आठवड्यांनी, वर्षाला २६. जुन्या फॉर्मने प्रत्येकाचा फेडरल ३५१ कापला जात होता. (सी) ची खूण केल्यावर या वर्षीच्या दरांनी ६०८ हवा. म्हणजे प्रत्येक पगारात २५७ कमी. असे नऊ पगार होऊन गेले होते, प्रत्येकी २,३१३ ची तूट आधीच पडलेली. उरलेले पगार १७. २,३१३ भागिले १७, म्हणजे १३६. तेवढे दोघांनी ४ (सी) मध्ये लिहिले.

नवऱ्याने आयटी-२१०४ वर सिंगलचा जास्त दर निवडला. मी एनजे-डब्ल्यू४ मागून घेतला. पेरोलमधल्या बाईंना आधी वाटलं मी फेडरलचाच फॉर्म मागतेय, दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या ओळीत तक्त्यातलं अक्षर लिहिलं.

काल पहिला पे-स्टब आला. फेडरल ७४४. हातात पगार बराच कमी आला आणि तरी मला बरं वाटलं. नवऱ्याचाही ७४४. दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी-शेजारी लावलेत.

मधली_आळी | १७ मे, सकाळी ११:०२

छान केलंत. फक्त ते १३६ या वर्षाच्या भरपाईचे आहेत. जानेवारीत नवा फॉर्म देऊन काढून टाका, नाहीतर पुढच्या वर्षीही कापत राहतील.

पाऊसवेडी | १७ मे, सकाळी ११:१०

हे डोक्यातच आलं नव्हतं! दोघांच्या फोनवर २ जानेवारीची आठवण लावली. आणि सोनटक्का, आई-बाबांचं मार्चचं बघतोय, गुढीपाडवा इथे करू म्हणतात.

वाळूचा_किल्ला | १७ मे, दुपारी २:४५

नवीन सभासद. धागा वेळेवर सापडला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, बायको २ जूनला फिलाडेल्फियाला रुजू होतेय, मी इथेच. पहिल्या दिवशी तिने काय काय द्यायचं?

रानजाई | १७ मे, दुपारी ३:०५

डब्ल्यू-४ वर स्टेप २ ची खूण, तिची आणि तुमचीही. सोबत आरईव्ही-४१९ आणि एनजे-डब्ल्यू४, तिथेच प्रिंट काढून हातात द्यायचे. पहिला पे-स्टब आला की 'एनजे' लिहिलंय ना ते बघायचं, आणि नसेल तर त्याच दिवशी फोन करायचा.